दुसऱ्या पेल्यातलं पाणी

फीफीने दातात अडकलेला माशाचा काटा काढला, हात पुसले, आपला कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "बघ, मॅडम मोजपट्टी. आणि रडू नकोस, मक्याची केंकी खारट होईल."

मी रडले नाही. उठून खोलीत एक चक्कर मारली, परत येऊन बघितलं, तरी आकडे तेच होते. एकाच माणसाला आम्ही दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांशी चकार शब्द न बोलता प्रश्न विचारले होते, आणि दोघांनी दिलेले गुण जुळले होते. त्याच्या आधीच्या माणसाचे जुळले होते. त्याच्याही आधीच्याचे जुळले होते. इतकी वर्षं घासून घासून केलेली माझी मोजपट्टी चालत होती.

आमच्या वॉर्डात जे लोक आहेत त्यांनी कुणाचा तरी जीव घेतलाय, आणि कोर्टाने त्यांना वेडं ठरवून आमच्याकडे पाठवलंय. त्यांना शिक्षा नाही, म्हणून शिक्षेला शेवटही नाही. वरून हुकूम आला तरच सुटका. तो हुकूम यायचा तर आधी समितीने लिहून द्यावं लागतं की हा माणूस आता कुणाला इजा करणार नाही. असं लिहायला कुणाचा हात धजत नाही. मग माणसं भिंतीच्या आतच म्हातारी होतात आणि आतूनच स्मशानात जातात. हा धोका नीट मोजता आला तर? या विचाराने मला झोप यायची नाही, आणि खरं सांगते, आनंदाने यायची नाही.

थंड देशांतून आलेल्या मोजपट्टीत एक प्रश्न होता: हा माणूस एकटा राहू शकतो का? आमच्याकडे जो एकटा राहतो त्यालाच लोक वेडा म्हणतात. मी असले प्रश्न काढून टाकले आणि आमचे घातले. याला घरात कोण घेईल? याला मयताला कोण बोलावतं? याच्या हातचं कोण खातं? फीफी अबाका माझा जोडीदार, हुशार आणि खादाड. पहिल्यांदा प्रश्न वाचले तेव्हा तो म्हणाला होता, "हे सगळं माझी आजी फुकट सांगायची." मी म्हटलं, तुझ्या आजीला समितीवर घेत नाहीत ना, म्हणून.

"आता पहिला कोण?" फीफीने विचारलं.

"एग्या ओतू," मी म्हटलं.

तो चघळायचा थांबला. मग हळूच म्हणाला, "बघ बाई."

आमचं हॉस्पिटल केप कोस्टच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, नारळांच्या मागे आहे. भिंती कमरेपर्यंत निळ्या, वर पांढऱ्या, आणि जानेवारीत सगळ्याच तांबूस. हरमाटनचा वारा वाळवंटातून धूळ घेऊन येतो आणि खिडकीच्या काचपट्ट्यांवर, टेबलावर, जिभेवर पसरतो. आकाश पांढरं होतं, सूर्याकडे सरळ बघता येतं. ओठ फुटतात. सगळ्यांच्या खिशात शियाच्या लोण्याची डबी असते आणि सगळे खोकत असतात.

एग्या म्हणजे बाबा. ओतू वॉर्डातला सगळ्यात जुना माणूस. पूर्वी कोळी होते. त्यांनी आपल्या मामाला मारलं होतं, असं कोर्टाचं म्हणणं. त्याला वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी कुणावर हात उगारला नाही, कुणाला शिवी दिली नाही. नव्या पेशंटना ते जाळी विणायला शिकवायचे. कोपऱ्यातली, खिडकीची खोली त्यांना नर्सनी आपणहून दिली होती.

मी पहिल्यांदा मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी मला स्टूल दिलं. मग माझ्या शेजारी आणखी एक स्टूल ठेवलं. पाण्याच्या पिशवीचा कोपरा दातांनी तोडला आणि दोन प्लास्टिकच्या पेल्यांत पाणी ओतलं. निळा पेला माझ्यासमोर. दुसरा, पिवळट, कानाचा तुकडा उडालेला, रिकाम्या स्टुलासमोर. मग समोर बसून हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "बसलात, पाणी घेतलंत. आता सांगा, काय निमित्त?"

पाहुण्याला आधी बसायला द्यायचं, मग पाणी, आणि घोट पोटात गेल्यावरच येण्याचं कारण विचारायचं. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण वीस वर्षं कुलपात राहिलेला माणूस ते इतक्या नेटकेपणाने करत होता की मला हुरूपच आला. पेशंटच्या हातचं काही घ्यायचं नाही असा आमचा नियम, म्हणून मी पेला नुसता ओठाला लावला.

"आणि हा कुणाचा, एग्या?"

"माझ्याबरोबर असतं त्याचा."

"मग ते तुमच्या शेजारी का नाही बसत?"

"ते पाहुण्याच्या शेजारी बसतं," ते म्हणाले. "सवय आहे त्याची."

ते हे अगदी साधेपणाने बोलले. आवाज वर नाही, नजर इकडेतिकडे नाही. मी प्रश्न विचारत गेले आणि ते उत्तरं देत गेले. राग कधी येतो? मूर्ख माणसाने जाळं ओढलं की येतो. बाहेर गेलात तर कोण घेईल? बिरिवा गावात भाची आहे, एकुआ, ती दर ख्रिसमसला येते. तिच्या घरी तुमच्या हातचं खातील? एकुआचं काय सांगता, ती शेजाऱ्याचंही खाते. मी हसले, तेही हसले. एकेक गुण खाली येत होता आणि माझ्या छातीत धडधड वाढत होती. इतका कमी धोका मी या वॉर्डात पाहिला नव्हता.

मग मामाचं विचारलं.

"समुद्रावरून आलो की मामाकडेच जायचो," ते म्हणाले. "घर त्यांचं, आणि त्यांच्यानंतर माझंच व्हायचं. मामांनी मला पाणी दिलं. मला एकट्यालाच. पुढच्या वेळी परत एकट्यालाच. मी म्हटलं, मामा, अजून एक पेला द्या. तर हसले. म्हणाले, कुणाला रे, तुझ्या सावलीला?"

"तुम्हीच का नाही ओतलं?"

"घर ज्याचं, पाणी त्यानेच द्यायचं असतं. ही खोली माझी, म्हणून इथे मी देतो. इथे कधी कुणाला खरचटलंय का, विचारा नर्सना."

"आणि मग?"

"मी अंगणात पाय धूत होतो. आत आलो तर मामा खुर्चीत बसलेले. तोंडातून पाणी येत होतं."

ही केस मला पाठ होती. डॉक्टरांनी तेव्हा लिहिलं होतं की मृत्यू बुडून झाला, पाणी गोडं होतं. खुर्ची कोरडी, कपडे कोरडे, जमीन कोरडी. सरकारी वकिलाने सांगितलं की भाच्याने मामाचं डोकं पिंपात दाबलं, मग अंग पुसून त्यांना खुर्चीत बसवलं. दुसरं कुणी काय सांगणार? मीही तेच मानत होते.

उठताना माझं लक्ष पिवळट पेल्याकडे गेलं. पाणी अर्ध्यावर आलं होतं.

फीफीची मुलाखत नंतर झाली. त्याच्याही शेजारी स्टूल आणि पेला होता. "मी म्हटलं, एग्या, याला पाणी आणि मला फँटा असं जमेल का," तो सांगत होता. आमचे गुण पुन्हा जुळले. सगळीकडे खालचे, फक्त एका ठिकाणी दोघांचेही सगळ्यात वरचे. प्रश्न होता: आपल्यासोबत कुणी अदृश्य आहे असं हा माणूस मानतो का?

"पाणी तुझ्यावेळीही कमी झालं?" मी विचारलं.

"हरमाटन आहे, अराबा. माझी थुंकी तोंडातच सुकते."

डॉ. अमिसा समितीच्या प्रमुख होत्या. बाई कडक, पण खऱ्या. त्यांनी माझे आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सुंदर काम आहे. पण ज्या गोष्टीवरून त्याने खून केला, ती गोष्ट त्याच्या खोलीत रोज मांडून ठेवलेली आहे. तो दुसरा पेला ठेवतोय तोवर मी सही करणार नाही. तू केली असतीस?"

नसती केली, आणि म्हणूनच मी पेटले. अख्ख्या माणसाची सुटका एका प्लास्टिकच्या पेल्यावर अडली होती. एखाद्या पेशंटला वाटत असतं की दाराला हात लावला तर घर जळेल. त्याच्यासमोर दाराला हात लावायचा, घर जळत नाही, आणि ते भय सैल पडतं. आमच्या विद्येत हे नेहमी करतात. मग पाण्याचं का नाही करायचं? दुसऱ्यासाठी ठेवलेलं पाणी आमच्यात कुणी पीत नाही. पाहुण्याचं पाणी त्या पाहुण्याचंच. पण मला ते पिऊन दाखवायचं होतं. त्या सकाळी मी वॉर्डाकडे अक्षरशः पळत गेले.

एग्यांनी स्टुलं ठेवली, पेले भरले, निमित्त विचारलं. मी म्हटलं, "एग्या, तुम्हाला घरी जायचंय?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "एकुआच्या दारातून समुद्र दिसतो," ते म्हणाले. "भिंतीच्या आत मरायला मला भीती वाटते, डॉक्टर. बाकी कशाची नाही वाटत."

"मग आता बघा." मी पिवळट पेला उचलला.

त्यांनी माझं मनगट धरलं. वीस वर्षांत त्यांनी कुणाला हात लावला नव्हता. पकड घट्ट होती, पण दुखेल अशी नव्हती. "ते नको," ते म्हणाले. "माझं प्या. हवं तर सगळं प्या. ते नको."

"कुणीच नाहीये, एग्या. मी प्याले तर कुणाचंच काही जाणार नाही. आणि मग तुम्हाला सोडायला कुणाची हरकत राहणार नाही."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. आणि बोटं हळूहळू सैल केली.

मी प्याले. पिशवीच्या पाण्याला येते तशी प्लास्टिकची चव होती, आणि घशाला बरं वाटलं, कारण घसा खरंच कोरडा पडला होता. पेला उपडा करून दाखवला. एग्यांनी डोळे मिटले होते.

पुढच्या खेपेला गेले तर एकच स्टूल होतं. पेला एकच, निळा.

मी दारातच थांबले. "आणि दुसरा?"

"काय गरज?" एग्या म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता, पाठीवरचं ओझं उतरलेल्या माणसासारखा. "तुम्ही म्हणालात ना, कुणी नाही. खरंच कुणी नाही, डॉक्टर. खोली मोकळी आहे."

ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मला वाटलं, भारावले असतील.

मी तशीच फीफीकडे धावले आणि दोघांनी मिळून दोन प्लेट वाटचे, म्हणजे चवळीभात, आणि तळलेली केळी फस्त केली. डॉ. अमिसा स्वतः न सांगता जाऊन आल्या. त्यांच्यापुढेही एकच पेला आला. त्यांनी सही केली आणि मला मिठी मारली. ज्या बाईने आयुष्यात कुणाचा हात नीट दाबला नसेल, तिने. कागद राजधानीला गेले आणि मी पाय जमिनीवर न टेकता फिरू लागले. आमच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच एक माणूस मोजणीवर सुटणार होता. मागे किती जण रांगेत होते, आणि आता किल्ली माझ्या हातात होती.

त्या दिवसांत मी इतकी खुशीत होते की बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष जात नव्हतं.

नाक्यावरच्या खानावळीत बाईने माझ्या टेबलावर हात धुवायची दोन भांडी आणून ठेवली. मी एकटी आहे म्हटल्यावर तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेजारी पाहिलं, आणि एक भांडं उचलून नेलं. नेताना माफी मागितली, पण माझ्याकडे बघून नाही.

रविवारी आईकडे जाताना ट्रोट्रोत, आमच्या खचाखच भरणाऱ्या मिनीबसमध्ये, बसले. आमच्या ट्रोट्रोचा कंडक्टर म्हणजे बकरीच्या मांडीवर माणूस आणि माणसाच्या मांडीवर बकरी बसवणारा. त्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि बाहेर तीन बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्याने आत डोकावून पाहिलं, "भरली, भरली," म्हणाला आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, नवा असेल. ऐसपैस बसून गेले.

आईचं घर मोरे गावात, माशांना धुरी द्यायच्या भट्ट्यांच्या पलीकडे. तिने मला स्टूल दिलं, पाणी दिलं, निमित्त विचारलं. पोटच्या पोरीलाही ती हे विचारल्याशिवाय सोडत नाही. मी एग्यांची सगळी हकिकत सांगितली. ती ऐकत होती आणि मध्येच खोकत होती.

"औषध घे," मी म्हटलं.

"धूळ आहे नुसती. पाऊस पडला की जाईल." तिने मला आणखी मासा वाढला.

पुढच्या रविवारीही गेले. त्याच्या पुढच्याही. ती खोकतच होती. किनाऱ्यावर सगळेच खोकत होते.

हुकूम आला आणि एका मंगळवारी आम्ही एग्यांना बाहेर काढलं. मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात जात नाही, त्यामुळे बिरिवाच्या वाळूवर सगळ्या होड्या ओढलेल्या होत्या आणि माणसं सावलीत जाळी दुरुस्त करत बसली होती. एग्या गाडीतून उतरले आणि कुणाशी न बोलता थेट पाण्यापर्यंत चालत गेले. लाट पायावरून गेली. ते तिथेच उभे राहिले. फीफी डोळे पुसत होता आणि धूळ गेली म्हणत होता. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

एकुआने ओसरीवर बसायला दिलं. मोठ्या तोंडाची, हसरी बाई. एग्यांना पाणी दिलं, फीफीला दिलं, ड्रायव्हरला दिलं, मला दिलं. आणि मग माझ्या शेजारी बाकावर, मोकळ्या जागेत, आणखी एक पेला ठेवला.

ठेवला आणि ती आत मासे परतायला गेली.

फीफी ड्रायव्हरशी फुटबॉलवरून भांडत होता. त्याचं लक्ष नव्हतं. मी त्या पेल्याकडे बघत राहिले. मग वर पाहिलं तर एग्या माझ्याकडे बघत होते. मी तो पिवळट पेला रिकामा केल्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते.

"परक्यांना कळतं," ते अगदी हळू म्हणाले. "म्हणजे दिसतं असं नाही. पण हात आपोआप दुसरा पेला उचलतो. घरच्यांना नाही कळत, डॉक्टर. घरचे फक्त आपल्यालाच बघतात."

मी हसायचा प्रयत्न केला. "एग्या, तुम्ही तर म्हणालात, कुणी नाही."

"माझ्याबरोबर कुणी नाही म्हणालो." त्यांनी मान खाली घातली. "मी पण असाच प्यालो होतो. एका मयताला. एक पेला कुणी उचलत नव्हतं, आणि मला तहान लागली होती."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याचे गुण दिले असते," ते म्हणाले. "आणि मी आत राहिलो असतो."

माझ्या पायाखालची वाळू सरकली असं म्हणावं तर आम्ही सिमेंटच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांच्यावर मला रागही येईना. मीच तर त्यांना विचारलं होतं, घरी जायचंय का म्हणून.

"घरी कोण आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"आई."

एग्यांनी ओंजळीत तोंड धरलं. बोटांमधून आवाज आला. "तिला दोन पेले ठेवायला सांगा. तिच्याच हाताने. आजच सांगा."

बाकावरचा पेला अर्ध्यावर आला होता.

परत येताना फीफी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि मी मागे. तो सारखा वळून बोलत होता. आता पुढचा पेशंट कोण, मोजपट्टी कुमासीला कधी न्यायची, तिकडचे लोक आपल्यावर किती जळतील. मी हो हो करत होते. मी स्वतःला समजावत होते. म्हाताऱ्याचा भ्रम ओसरला नाही, लपला आहे. एकुआचा पेला म्हणजे मोजण्यातली चूक. ट्रोट्रो म्हणजे योगायोग. सगळ्याला नाव देता येत होतं.

फीफी मध्येच थांबला. "अराबा, तू अशी कोपऱ्यात का चेपून बसलीयस? अख्खी सीट मोकळी आहे."

मी दाराला खांदा लावून, गुडघे जवळ घेऊन बसले होते. कधीपासून, ते मलाही सांगता आलं नसतं.

"मला मोरेच्या फाट्यावर उतरव," मी म्हटलं.

फाट्यापासून मी जवळजवळ धावतच गेले. दुपार होती, भट्ट्या विझलेल्या, अंगणात कोंबड्या. आई दारात बसून मिरच्या निवडत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"मंगळवारी कशी काय? बस, बस."

तिने स्टूल दिलं. एकच. पिंपाच्या झाकणावरचा पेला उचलून भरला. एकच. माझ्या हातात दिला आणि झाकण परत लावलं.

"आई, अजून एक पेला दे."

"तो पी तर आधी."

"मला नाही. इथे ठेव, माझ्या शेजारी. तुझ्या हाताने ठेव."

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या पाठीमागे, फाटकाकडे पाहिलं. "कुणी आलंय तुझ्याबरोबर?"

हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं. आणि माझ्याच आवाजात मला माझा प्रश्न ऐकू आला. आपल्यासोबत कुणी अदृश्य आहे असं हा माणूस मानतो का? मी स्वतःला किती गुण देईन, ते मला ठाऊक होतं.

"तू दे ना नुसता," मी म्हटलं. "मागून सांगते."

"असं कसं?" आई हसली. "कुणाला ते सांग, मग देते. तुझ्या सावलीला?"

मी उठले आणि पिंपाकडे गेले. तिने मला खांद्याला धरून परत बसवलं.

"माझ्या घरात तू पाणी ओतणार? पाहुणी आहेस. बस गप. आणि निमित्त सांग."

"आई, ऐक माझं."

"ऐकतेय की." तिने पुन्हा मिरच्यांची टोपली ओढली, आणि तिला खोकला आला. एकदा. मग पुन्हा. तिने हात हलवून मला सांगितलं, काही नाही, धूळ आहे.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. अख्ख्या हरमाटनभर तिचे ओठ फुटलेले असतात, भेगांतून रक्त येतं. आता ते ओले होते, चकाकत होते. मी आल्यापासून तिने पाणी घेतलं नव्हतं. एकच पेला होता, आणि तो भरलेला माझ्या हातात होता.

तिने पदरासारखं खांद्यावर घेतलेलं कापड तोंडावर धरलं, पुसलं, आणि ते नवलाने दुमडून दोन हातांनी पिळलं.